पिठाच्या डब्याएवढा खर्ज

बोरसे आमच्या दारात पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा मी माफी तयार ठेवली होती. त्याच दिवशी मी वापीहून नवा कॅसेट डेक आणला होता. त्याच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘एक हजार वॉट’ असं छापलेलं. सिल्वासाच्या मराठी शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाच्या घरात हजाराची कुठलीही गोष्ट असणं ही बातमीच होती, आणि ती आमली भागातल्या आमच्या तीन मजली इमारतीला समजावी म्हणून मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं होतं. तेवढ्यात दार वाजलं. दारात खालच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू. ठेंगणे, गोल, अंगात बनियन आणि कानावर एक निळी पेन्सिल खोचलेली.

“माफ करा हं, कमी करतो,” मी म्हणालो.

“कमी नका करू ना, सर. थांबा.” ते चपला काढून थेट डेकपाशी गेले, त्याच्या एका स्पीकरवर पंजा ठेवला आणि डोळे मिटले. डॉक्टर पोटाला हात लावतात तसा. आमची मंदा पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी. गाणं संपलं. मग त्यांनी डोळे उघडले.

“हा गात नाही ना भो. हा खोकलून राह्यला.”

मी दुखावलो. “हजार वॉटचा आहे,” मी म्हणालो.

“कशाच्या मानानं?”

हा प्रश्न मी पुढे कितीदा ऐकला याला गणती नाही. बोरशांना आकडा एकटा दिसला की चैन पडत नसे. आगापिछा नसलेला आकडा म्हणजे त्यांच्या लेखी मुलगी मागायला एकट्यानेच आलेला इसम. बाप कोण, गाव कोणतं, सोबत कोण, हे विचारल्याशिवाय त्याला ते पाट देत नसत. टॉनिकच्या बाटलीवर ‘दुप्पट शक्ती’ वाचलं की विचारत, “कोणाच्या दुप्पट?” मंदाने एकदा कौतुकाने सांगितलं, की नव्या साबणाने कपडे जास्त पांढरे होतात. बोरसे गंभीरपणे म्हणाले, “वहिनी, आधी किती काळे होते?” मंदा दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

आनंदा बोरसे मूळचे शिरपूरकडचे. सिल्वासाच्या एका लाउडस्पीकरच्या कारखान्यात ते तपासनीस होते. पट्ट्यावरून उतरलेला प्रत्येक स्पीकर त्यांच्या टेबलावर यायचा, ते तो वाजवून बघायचे आणि पसंत पडला तर पाठीवर आपला शिक्का मारायचे. मालक मनसुखशेठ गुजराती, कामगार निम्मे खानदेशातले, सुपरवायझर उत्तरेकडचा. त्यामुळे बोरशांच्या तोंडी तिन्ही भाषा एकाच ताटात वाढलेल्या असत आणि ते त्या कालवून खात. त्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला माझ्याच डेकचा अर्थ समजावून सांगितला.

“हे बघा सर. तुमच्यामागं कुत्रं लागलं. तुम्ही जीव घेऊन पळाले आन् नाल्यावरून उडी मारली. जन्मात एकदाच मारली. तिला म्हणतात पीएमपीओ. खोक्यावर तीच लिहिलेली राहते. आता रोज तुम्ही घरून शाळेत चालत जाता, न धापता. ते आरएमएस. ते कोणी लिहीत नाही.”

“मग याचं रोजचं चालणं किती असेल?”

त्यांनी डेक उचलून तोलून पाहिला. “दारापर्यंत जाईल,” ते म्हणाले.

त्यानंतर आमच्या घरात हे दोन शब्द मीठ-मिरचीसारखे रुळले. आमची मुलं एकमेकांच्या बढायांना ‘पीएमपीओ’ म्हणू लागली. मी उन्हाळ्यात घर रंगवतो असं जाहीर केलं, तेव्हा मंदाने फक्त एवढंच विचारलं, की हे कुत्रं मागे लागल्यावरचं आहे की रोजचं.

या प्रकारातून एक लग्नही जमलं. माझ्या मेव्हणीला, सुलूला, बघायला डहाणूकडचे पाहुणे आमच्याकडे आले होते. मुलगा गप्प आणि मामा बोलका. मामा सांगत होता, मुलाची नोकरी अशी, बढती तशी, साहेब याच्याशिवाय पान हलवत नाही, दारात स्कूटर. बोरसे शेजारी म्हणून पोह्यांना बसले होते. मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होतो, पण त्यांचे डोळे मिटलेले. मामाचं गाणं संपल्यावर ते उघडले.

“हे पीएमपीओ झालं,” बोरसे शांतपणे म्हणाले. “आता आरएमएस सांगा.”

मामाला काही कळलं नाही. मला बरंच कळलं आणि मी पंख्याकडे बघू लागलो. पण मुलगा तारापूरला इलेक्ट्रिकच्या कामावर होता. तो एकदम हसला, अगदी ठसका लागेपर्यंत. मग पाणी पिऊन म्हणाला, “आरएमएस असं आहे काका, की नोकरी अजून टेंपररी आहे आणि स्कूटर दादाची आहे.” आत पडद्यामागे सुलू फिसकन हसली. मामा रागावून पुढचे पोहे खाईना. लग्न दिवाळीनंतर झालं.

बोरशांचं स्वतःचं म्हणून एक वेड होतं. खर्जाचं. ते त्याला ‘बेस’ म्हणत. “पापड म्हणजे वरचा आवाज, वरण म्हणजे बेस. नुसत्या पापडावर कोणाचं पोट भरलं का? आन् ह्या देशात सगळे पापडच वाजवून राह्यले.” आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्पीकरवर शिक्के मारणाऱ्या या माणसाला एक खोका स्वतःचा करायचा होता. नुसत्या खर्जासाठी वेगळा, ज्याला आता सगळे सबवूफर म्हणतात तो. तोही साध्या माणसाच्या खोलीत मावणारा. तो आपल्याच कारखान्यात बनावा आणि त्याच्या पाठीवर जे लिहिलेलं असेल ते अक्षरशः खरं असावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. “एक चीज, सर. एकच. ज्याच्यावर शिक्का मारताना माझा हात थांबणार नाही.”

खोका केवढा असावा हे मात्र त्यांच्या बायकोने, शालूवहिनींनी ठरवलं. बोरशांचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात कॉट, कपाट, वहिनींचं शिलाई मशीन आणि दोन मुलं. मशीन आणि कपाट यांच्यामध्ये पिठाचा पत्र्याचा डबा असे. वहिनींनी तो उचलून ओट्याखाली सारला आणि रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

“ह्या डब्याएवढं काय करायचं ते करा. एक बोट जरी बाहेर आलं ना, तर त्याच्यात मी तांदूळ भरीन.”

इथून पुढची दोन-तीन वर्षं आमच्या इमारतीने ध्वनिशास्त्राची जी आराधना केली तिचं वर्णन करणं कठीण आहे. मी भूगोलवाला. मला एवढंच समजलं, की खर्ज काढायला खूप हवा हलवावी लागते, म्हणून मोठ्या आवाजवाल्यांची खोकी कपाटाएवढी असतात. लहान खोक्यात अडचण काय, हे बोरशांनी मला सायकलच्या पंपावर दाखवलं. पंपाच्या तोंडावर बोट दाबून धरायला लावलं आणि दांडा ढकलायला सांगितला.

“ढकलत नाही ना? आतली हवा उलटी ढकलते. बंद डब्यातली हवा म्हणजे स्प्रिंग. डबा लहान, तेवढी स्प्रिंग ताठ. मग स्पीकरचा कागदाचा पडदा हलतच नाही, आन् खालचे सूर गायब.”

“मग?”

“मग पडदा जड करायचा. जड माणूस सावकाश हलतो ना? माझ्यासारखा. पण जड पडद्याला हलवायला ताकद लागते, म्हणून ॲम्प्लिफायर दांडगा पाहिजे आन् पडद्याला मागं-पुढं जायला जागा पाहिजे. ताकद लावली का आतली तार तापते. म्हणून आवाजाला लगाम. लहान, खोल आन् दणदणीत, ह्या तीन जावा आहेत सर. एका घरात दोघींचंच पटतं. तिसरीला माहेरी धाडावं लागतं.”

त्यांनी दणदणीतला माहेरी धाडलं. पडद्याच्या मधोमध एक पितळी वॉशर चिकटवला. पहिला वॉशर खोल सुरावर सुटला आणि थेट वहिनींच्या वरणात जाऊन पडला. बोरसे म्हणाले, “बघा, शेवटी वरणातच गेला.” वहिनी हसल्या नाहीत. कारखान्यातून रविवारी ते सूर काढायचं यंत्र घरी आणत आणि बटण हळूहळू खाली फिरवत जात. एका ठरावीक जागी आवाज ऐकू येईनासा होई आणि फक्त छातीत कसंतरी होई, परीक्षेच्या आदल्या दिवशी होतं तसं. समोरच्या कांताबेन गॅलरीतून ओरडत, “ओ बोरसेभाई! धरतीकंप तो नथी ने?”

“नाही बेन, मीच आहे!”

अखेर खोका झाला. लहान, काळा, चौकोनी, चारी बाजूंनी बंद. बरोबर पिठाच्या डब्याएवढा. वहिनींनी बोट लावून मापून घेतला आणि वर लगेच शिलाईचं कापड ठेवलं. बोरशांनी मला बसवून ऐकवला. संगीतात माझी अक्कल फारशी नाही, पण त्या दिवशी मी गाण्याखाली जमीन ऐकली. याहून चांगलं मला सांगता येत नाही.

“किती खाली जातो?” मी विचारलं. इतक्या दिवसांत एवढं शिकलो होतो.

“छत्तीस. सेकंदाला छत्तीस हेलकावे. आन् नुसतं छत्तीस नाही, तीन डेसिबलच्या आत.”

“म्हणजे?”

“सर, दुधनीची बस बघितली ना तुम्ही? डेपोतून निघते तेव्हा माणूस माणसावर. खानवेलला अर्धी खाली होते. दुधनीला पोचते तेव्हा आत ड्रायव्हर, कंडक्टर आन् एक कोंबडी. पण पाटीवर काय लिहिलेलं राहतं? दुधनी! तसं हे सगळे लिहितात, वीसपर्यंत जातो. जातो ना, पण कोंबडी घेऊन. माझी बस छत्तीसपर्यंत भरलेली जाते. त्याच्यापुढं मी पाटी लावत नाही.”

मनसुखशेठना त्यांनी खोका दाखवला. शेठ व्यवहारी होते. ते म्हणाले, बोरसेभाई, मला बेस समजत नाही, मला ऑर्डर समजते. सुरतचा आणि नाशिकचा असे दोन मोठे डीलर येणार आहेत. त्यांना पसंत पडला तर बनवू, नाही पडला तर विषय बंद. “पण फॅक्टरी में तो प्रेस चालती है, सुनाई क्या देगा? आपके घर पे ही सुनते हैं.”

झालं. त्या शनिवारी दुपारी बोरशांच्या घरात जे काही सुटं आणि वाजू शकणारं होतं ते सगळं हलवायचं ठरलं. कारण लोक बेस म्हणून जे ऐकतात ते निम्मं काचेचं आणि भांड्यांचं थरथरणं असतं, असं बोरशांचं ठाम मत. त्यांना डीलरांना निव्वळ सूर ऐकवायचा होता. कॅलेंडर उतरलं. खिडकीच्या तावदानांत चिंध्या कोंबल्या. आणि वहिनींची स्टीलची मांडणी, ताटं, वाट्या, पेले आणि लग्नात आलेल्या सगळ्या डब्यांसकट, इमारतीतल्या चार पुरुषांनी उचलून वर आमच्या स्वयंपाकघरात आणून उभी केली. त्या चौघांत मीही होतो. माझ्याकडे पेले होते.

शेठ आले, डीलर आले. सुरतचे जाडे, नाशिकचे बारीक. चहा झाला. बोरसे सणाचा सदरा घालून, घाम पुसत खोक्यामागे उभे. आपल्याला पाळण्यात घालून लोकांना दाखवताहेत असा चेहरा. त्यांनी कॅसेट लावली. मी दाराशी उभा होतो. खर्ज खोलीत अगदी सावकाश शिरला, कुठे धक्का न लावता.

सुरतचे थोडा वेळ ऐकून म्हणाले, “चोख्खो छे. पण दम नथी.”

नाशिकचे म्हणाले, “हो ना. वाजतोय का, असं वाटतं. आमच्याकडचं गिऱ्हाईक आधी खिडकीकडे बघतं. खिडकी वाजली की पाकीट काढतं.”

बोरशांचा चेहरा उतरला. त्यांनी आवाज थोडा वाढवला. डीलर घड्याळाकडे बघू लागले. शेठ उठायच्या बेतात होते आणि नेमक्या त्याच क्षणी वरून एक भयंकर खळखळाट आला. शंभर ताटं एकदम वाजावीत तसा. पाठोपाठ आमच्या मंदाची किंकाळी.

“अहो! आवरा! ही पडतेय!”

आम्ही सगळे जिन्याने वर धावलो. डीलर पुढे. आमच्या स्वयंपाकघरात मंदा मांडणीला दोन्ही हातांनी कवटाळून उभी होती आणि मिठीतली प्रत्येक वाटी थरथरत होती. खालच्या मजल्यावरचा तो शांत सूर स्लॅबमधून वर चढून वहिनींच्या भांड्यांत येऊन बसला होता. बोरसे कपाळाला हात लावून म्हणाले, “खालचा सूर भिंत मानत नाही ना भो. मी विसरलोच.”

पण सुरतच्या डीलरचे डोळे लकाकले होते. त्यांनी थरथरत्या ताटावर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. “अरे मनसुखभाई! पाडोशीनां वासण वगाडे छे!” शेजाऱ्याची भांडी वाजवतो! “आटलो नानो डब्बो!” एवढासा डबा! नाशिकच्यांनी तर मंदालाच विचारलं, “ताई, खरं सांगा, कोणी हलवत नव्हतं ना?” मंदाने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून त्यांची खात्री पटली. ऑर्डर आमच्या ओट्यापाशीच ठरली.

त्या संध्याकाळी इमारतीत पेढे वाटले गेले. बोरसे हसत होते, पण हसण्यात थोडी वळी पडलेली. “चुकीच्या कारणानं पास झालो,” ते मला म्हणाले. “चालेल. आत गेलं ना पोरगं शाळेत.”

खरी परीक्षा पुढच्या महिन्यात झाली. खोके तयार होऊ लागले आणि पाठीवरचा स्टिकर छापून आला. त्यावर लिहिलं होतं, दीड हजार वॉट पीएमपीओ, वीस हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला वीस हेलकावे. बोरसे तो हातात घेऊन शेठकडे गेले. तिथे काय झालं ते त्यांनी मला ओट्यावर बसून, दोन्ही आवाज काढून ऐकवलं.

“शेठ म्हणे, बोरसेभाई, बाजूवाल्याच्या डब्यावर वीस आहे. आपण छत्तीस लिहिलं तर गिऱ्हाईक कोणता घेईल? मी म्हटलं, शेठ, वीसवर हा वाजत नाही. ते म्हणे, बिलकुल नहीं बजता? मी म्हटलं, वाजतो, मुंगी चालते तसा. पायरव येतो का तिचा? शेठ हसले. म्हणे, तो चलती तो है ना! लिख दो.”

“मग?”

“मग काय. शिक्का टेबलावर ठेवला. म्हटलं, डबा माझा, आकडा तुमचा. दोघांवर मिळून एक शिक्का नाही मारता येत.”

शेठ वाईट नव्हते. त्यांनी खूप समजावलं, दुसऱ्या खात्यात बढती देऊ केली, नोकरी सोडून जाताना पाठीवर हातही ठेवला. शालूवहिनी दोन दिवस मशीनवरून उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मंदाला म्हणाल्या, “ह्यांचं खरंच आहे हो. पण खरं असायला ह्यांना आत्ताच काय झालं होतं?” आणि दोघी हसायला लागल्या त्या थांबेनात. खोका वीस हर्ट्झच्या पाटीखाली धडाधड खपला. लोक बोरशांचं अभिनंदन करायला येत. ते चहा पाजत आणि आकड्याचा विषय निघाला की बिस्किटाचा पुडा उचलून त्यावरचं वजन वाचत बसत.

पुढे त्यांनी वापी रोडवर दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. मला पालघरकडच्या शाळेत नोकरी मिळाली. काही वर्षांनी एका लग्नाच्या निमित्ताने सिल्वासाला गेलो तेव्हा दुकानात डोकावलो. बोरसे अजून गोल झालेले, कानावर अजून पेन्सिल. ते बाहेर पडायच्या गडबडीत होते.

“बरे आले, सर. चला. एका डॉक्टरची तक्रार आहे. सबवूफरला बेसच नाही म्हणतो.”

डॉक्टरांचा बंगला नवा होता, फरशी चकचकीत. आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, फुलदाणीखाली, तोच काळा चौकोनी डबा. पाठीवर वीस हर्ट्झ. मी बोरशांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“इसपे बीस लिखा है,” डॉक्टर कुरकुरले. “हमें तो कुछ नहीं आता.”

“डॉक्टरसाहेब, बीस नहीं है. छत्तीस है,” बोरसे म्हणाले. “पण छत्तीस पूरा है. आपण तो बाहेर काढू. डबा आपल्या खुर्चीवर ठेवा.”

“कुर्सी पे? और मैं?”

“आप नीचे. गुडघ्यांवर.”

मग त्यांनी समजावलं, की खोलीत खर्ज सगळीकडे सारखा नसतो. भिंतींवर आपटून कुठे साचतो, कुठे नाहीसा होतो. म्हणून डबा आपल्या बसायच्या जागी ठेवायचा आणि आपण जमिनीलगत कान नेऊन रांगत खोलीभर शोधायचं. जिथे सूर भरलेला आणि स्वच्छ लागेल, तिथे डब्याची जागा. बोलता बोलता ते स्वतः खाली बसले आणि रांगायला लागले. डॉक्टरांनी पँट जरा वर ओढली आणि त्यांच्यामागे निघाले. डॉक्टरीणबाई आधी तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या, मग त्यांनीही पदर खोचला. मुलांना तर आमंत्रणच नको होतं. खुर्चीवर डबा एखाद्या वडीलधाऱ्यासारखा बसून घुमत होता आणि त्याच्याभोवती अख्खं घर गुडघ्यांवर. मी थोडा वेळ शिक्षकी प्रतिष्ठा सांभाळली. मग मीही बसलो.

झोपाळ्यावर डॉक्टरांच्या आई होत्या. त्यांनी जपमाळ थांबवली. “अल्या भाई, शुं शोधो छो तमे?”

“बेस, बा!” बोरसे सोफ्याखालून म्हणाले.

ते भिंतीच्या कडेकडेने सरकत गेले. टीपॉयपाशी मान हलवली, पडद्यापाशी नाक मुरडलं. मग दार आणि चपलांचं कपाट यांच्यामधल्या हातभर जागेशी थांबले. कान भिंतीकडे, डोळे मिटलेले. एक हात वर झाला. मागची सगळी रांग जागच्या जागी थबकली.

“मळ्यो?” सापडला का, असं म्हातारीने विचारलं.

बोरशांनी डोळे न उघडताच होकारार्थी मान डोलावली. ते वळून भिंतीला पाठ टेकून बसले, पाय फरशीवर लांब सोडले आणि शेजारच्या चपला हाताने थोड्या बाजूला सारून डॉक्टरांसाठी जागा केली.